रास्पबेरी पाय ४ आणि फ्लर्क केस: पंख्याशिवाय चालणारा संगीत-संगणक

डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग ध्वनी करणारे यंत्र) आणि अ‍ॅम्प्लिफायर आधीच घरात आहेत, गाणी फ्लॅक फाइलींत (दर्जा न घालवता आकार कमी करणारा प्रकार) साठवलेली आहेत, आणि ती वाजवायला अजिबात आवाज न करणारा संगणक हवा आहे, अशांसाठी रास्पबेरी पाय ४ हा एका छोट्या बोर्डवरचा संगणक फ्लर्क या कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम केसमध्ये बसवणे हा अजूनही सगळ्यात सरळ मार्ग आहे. जोडणी पंधरा-वीस मिनिटांत होते, वीज फारशी लागत नाही आणि फिरणारा एकही भाग आत नसतो. त्रास होतो तो बहुधा उष्णतेचा नाही, तर विजेचा आणि सेटिंगांचा. म्हणून या परीक्षणात केसपेक्षा त्या दोन गोष्टींवर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी केस. फ्लर्कची केस म्हणजे मुळात एक हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा धातू, आहे, बोर्ड त्याच्या पोटात बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाला आतल्या बाजूने एक चौकोनी उंचवटा आहे. बोर्ड बसवला की हा उंचवटा थर्मल पॅडमधून थेट प्रोसेसरवर टेकतो आणि चिपची उष्णता सगळ्या कवचात पसरते. वर आणि खाली काळ्या प्लास्टिकची झाकणे आहेत. झाकणांमुळे केस टेबलावर घसरत नाही आणि वायफायच्या लहरींना बाहेर पडायला वाट राहते, तरीही चारही बाजूंना धातू असल्यामुळे उघड्या बोर्डाइतका सिग्नल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. शक्य असेल तर इथरनेटची केबलच लावावी. पाय ४ वर गिगाबिट इथरनेटला स्वतंत्र मार्ग आहे. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांत इथरनेट आणि यूएसबी एकाच यूएसबी २ च्या वाटेने जात. नेटवर्कवरून येणारे आणि डॅककडे जाणारे संगीत तिथे एकाच दारातून ये-जा करायचे. जुना पाय ३ घरात पडून असेल तर साध्या सीडी दर्जाला तो पुरतो, पण नवीन घ्यायचा तर ४ घ्यावा.

हा संगणक किती तापतो हे समजून घेतले की एवढ्या छोट्या केसने काम का भागते हे लक्षात येते. पाय ४ नुसता चालू असताना साधारण ३ वॅट वीज घेतो आणि चारही कोअर पूर्ण ताणले तर ६ ते ७ वॅटपर्यंत जातो. फ्लॅक उलगडणे हे या प्रोसेसरला अगदी हलके काम आहे. सीडी दर्जाचा कच्चा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा स्टिरिओ प्रवाहही जेमतेम ९.२ मेगाबिट. म्हणजे संगीत वाजताना बोर्ड जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. उघडा पाय ४ पूर्ण ताणाखाली ८० अंश सेल्सिअसला पोचतो आणि तिथून स्वतःचा वेग कमी करू लागतो. फ्लर्कमध्ये, २५ अंशांच्या खोलीत, संगीत वाजवताना तापमान चाळिशीच्या आसपास राहते. केस हाताला कोमट लागते आणि ती तशीच लागायला हवी, कारण उष्णता बाहेर येते आहे याची ती खूण आहे. बराच वेळ संगीत चालू असूनही केस थंडगार असेल आणि प्रोसेसर मात्र ६५-७० अंश दाखवत असेल, तर पॅड नीट बसलेले नाही असे समजावे.

याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म असते. एक बाजू सोलली जाते आणि दुसरी, पारदर्शक असल्यामुळे, तशीच राहते. दोन्ही सोलायच्या. पॅड बोर्डवर नव्हे तर प्रोसेसरच्या चांदीसारख्या चमकणाऱ्या टोपीवर मधोमध ठेवायचे, मग कवच सरळ वरून खाली बसवायचे, बाजूने सरकवायचे नाही. पॅडऐवजी थर्मल पेस्ट लावण्याचा मोह टाळावा. उंचवटा आणि चिप यांच्यातली फट पॅडच्या जाडीच्या हिशेबाने ठेवलेली आहे आणि पेस्टचा पातळ थर ती भरून काढू शकत नाही. खालचे चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत जावेत, म्हणजे पॅड एका बाजूला दबत नाही. मायक्रोएसडी कार्ड सगळ्यात शेवटी घालावे. कार्ड आत ठेवून बोर्ड बसवायला गेले की कडेला अडकून ते मोडण्याची शक्यता असते.

केसच्या दोन मर्यादा खरेदीपूर्वी माहीत असाव्यात. एक, बोर्डच्या डोक्यावर बसणारे हॅट प्रकारचे डॅक या केसच्या आत मावत नाहीत. हायफायबेरीसारख्या कार्डावरच मन असेल तर ही केस तुमच्यासाठी नाही, त्या कार्डासाठी बनवलेली उंच केस घ्यावी आणि प्रोसेसरवर छोटा चिकटवायचा हीटसिंक लावावा. संगीतापुरता तोही पुरेसा होतो. दोन, कवच फक्त प्रोसेसरला टेकते. यूएसबीचा नियंत्रक आणि वीजपुरवठ्याचा भाग केसमधल्या हवेवरच अवलंबून असतात. यूएसबी नियंत्रकाची वीज कमी करणारे फर्मवेअर रास्पबेरी पायने नंतर दिले आहे, ते एकदा अद्ययावत करून घ्यावे. केसच्या वर चार बोटे मोकळी जागा ठेवावी आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीवर ती कधीही ठेवू नये. अ‍ॅम्प्लिफायरची गरम हवा तिला थंड होऊच देत नाही. दार बंद असलेल्या कपाटात ठेवायची असेल तर मागच्या फळीला भोक हवे.

आता वीज. या जोडणीत जे काही अडखळते, तुटते, मध्येच गायब होते, त्यातले बहुतेक इथून सुरू होते. पाय ४ ला यूएसबी-सी मार्गाने ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. अधिकृत अडॅप्टर नेमका एवढाच देतो, १५.३ वॅट. फोनचा चार्जर ‘३ अँपिअर’ असे छापूनही भार आल्यावर, बारीक केबलमधून, बोर्डपर्यंत पोचेपर्यंत ४.६ व्होल्टवर उतरू शकतो. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की बोर्ड कमी दाबाची नोंद करतो. स्क्रीन जोडलेली असती तर विजेचे पिवळे चिन्ह दिसले असते, पण संगीत-संगणकाला स्क्रीन नसते. म्हणून तक्रार येते ती अशी: डॅक मधूनच दिसेनासा होतो, एसएसडी निसटते, गाणे अर्ध्यात थांबते. मग लोक डॅकला दोष देतात.

तपासणी सोपी आहे. टर्मिनलमध्ये vcgencmd get_throttled ही आज्ञा द्यावी. उत्तर शून्य एक्स शून्य (0x0) आले तर सगळे ठीक. शून्य एक्स नंतर ५ आणि त्यापुढे चार शून्ये (0x50000) दिसली तर बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी दाब पडला होता आणि वेगही कमी करावा लागला होता. शेवटचा आकडाही ५ असेल तर दोन्ही आत्ता, या क्षणी चालू आहे. अडॅप्टर आणि केबल दोन्ही बदलून पुन्हा तपासावे. पाय ४ ची अगदी सुरुवातीची आवृत्ती जुन्या बाजारात मिळाली तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्या यूएसबी-सी जोडात एक रोधक चुकीच्या पद्धतीने जोडलेला होता, त्यामुळे लॅपटॉपसोबत येणाऱ्या चिपवाल्या केबलींनी ती सुरूच होत नाही. साध्या केबलने चालते. पुढच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला.

यूएसबीच्या चार पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, प्रत्येकी नव्हे. एक २.५ इंची एसएसडी आणि यूएसबीवरच चालणारा छोटा डॅक या मर्यादेत बसतो. डॅकला हेडफोन अ‍ॅम्प जोडलेला असेल, वर फिरती हार्ड डिस्क असेल, तर बसत नाही. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालावा आणि डिस्क त्यावर टाकावी, डॅक बोर्डवरच राहू द्यावा. निळ्या यूएसबी ३ पोर्टात एसएसडी, काळ्या यूएसबी २ पोर्टात डॅक, अशी वाटणी ठेवावी. यूएसबी ३ ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये गोंगाट करते. एसएसडी लावल्यावर वायफाय मंदावले तर ५ गिगाहर्ट्झवर जावे किंवा एसएसडी एक छोटी एक्स्टेन्शन केबल लावून लांब ठेवावी.

एसएसडीच्या बाहेरच्या डबीत, म्हणजे यूएसबी ते साटा अडॅप्टरमध्ये, कोणती चिप आहे यावरही बरेच ठरते. काही चिप लिनक्सच्या वेगवान यूएएस पद्धतीशी नीट बोलत नाहीत, आणि मोठी फोल्डर वाचताना डिस्क काही सेकंद गोठते. सुरू होतानाच्या आज्ञांच्या फाइलमध्ये त्या चिपचा क्रमांक टाकून यूएएस बंद करता येते. वेग थोडा कमी होतो, पण संगीताला तो कधीच कमी पडत नाही. एक तास सीडी दर्जाचे संगीत फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे १ टेराबाइटमध्ये अडीच हजार तास सहज मावतात. एसएसडीऐवजी फिरती डिस्क घेऊन पैसे वाचवण्याचा विचार असेल तर ती दुसऱ्या खोलीतल्या नेटवर्क साठवणीत ठेवावी. २.५ इंची डिस्कचीही गुणगुण शांत खोलीत, संथ आलापाच्या वेळी, ऐकू येते. पंखा काढून डिस्क ठेवली तर एवढा खटाटोप कशाला?

पंखा आणि डिस्क दोन्ही नसूनही बारीक ‘ची’ असा आवाज येत असेल तर कान बोर्डजवळ नव्हे, अडॅप्टरजवळ न्यावा. स्वस्त अडॅप्टरमधली कॉइल कमी भारावर गुणगुणते. स्पीकरमधून येणारी घरघर वेगळी. ती बहुतेक वेळा जमिनीच्या लूपची असते: संगणकाचा अडॅप्टर, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना दोन मार्गांनी अर्थिंगशी जोडले जातात आणि त्या वळणातून मुख्य विजेची लहर ध्वनीत शिरते. खात्री करायला यूएसबी केबल काढून पाहावी. केबल काढताच घरघर थांबली तर लूप तिथूनच होतो आहे. सगळी यंत्रे एकाच विस्तार-बोर्डवर घेणे हा पहिला उपाय, यूएसबी आयसोलेटर हा दुसरा. आयसोलेटर घेताना तो हाय-स्पीड यूएसबी २ चा आहे ना ते पाहावे. जुने, स्वस्त आयसोलेटर फक्त १२ मेगाबिटवर चालतात आणि त्यावर ९६ किलोहर्ट्झच्या पुढचे संगीत सहसा जात नाही.

महागड्या लिनिअर वीजपुरवठ्याबद्दल खूप लिहिले जाते. असिंक्रोनस यूएसबी डॅक स्वतःच्या घड्याळाने चालतो आणि संगणकाकडून हवा तेवढा डेटा मागून घेतो. संगणकाच्या घड्याळाचा कंप त्यामुळे आवाजात उतरत नाही. डॅकला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर पायच्या अडॅप्टरवर जास्त पैसे घालण्याचे कारण दिसत नाही. तोच खर्च डॅकवर किंवा स्पीकरवर केला तर फरक नक्की ऐकू येतो. बोर्डवरचे हेडफोनचे भोक मात्र गंभीर ऐकण्यासाठी वापरूच नये. तिथे खरा डॅक नसून पल्स रुंदीच्या पद्धतीने तयार केलेला ध्वनी आहे, आणि हळू जागांत त्याची खरखर लगेच कळते.

सॉफ्टवेअरमध्ये दोनच नावे मनापासून सुचवावीशी वाटतात. पायकोअरप्लेअर टायनी कोअर लिनक्सवर आधारलेला आहे आणि सुरू होताना पूर्णपणे मेमरीत चढतो. नुसता वाजवणारा म्हणून वापरला, म्हणजे गाण्यांचा सर्व्हर दुसरीकडे असेल, तर कार्डावर काहीच लिहिले जात नाही आणि भिंतीवरचे बटण दाबून वीज तोडली तरी कार्ड खराब होत नाही. घरात तीन-चार खोल्यांत एकाच वेळी वाजवायचे असेल तर हाच घ्यावा. त्याच बोर्डवर लिरियन हा गाण्यांचा सर्व्हर बसवला तर मात्र त्याची सूची कार्डावर लिहिली जाते, आणि ही सवलत संपते. दुसरा मूड ऑडिओ. हा एमपीडी या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतो, फोनच्या ब्राउझरमधून सांभाळता येतो, अ‍ॅपलच्या उपकरणांवरून येणारे एअरप्ले स्वीकारतो आणि खोलीचा आवाज दुरुस्त करण्यासाठी कॅमिलाडीएसपी त्यात आधीच आहे. एकाच खोलीत, एकच डॅक असेल तर मूड जास्त सोयीचा. तो बंद करताना आधी त्याच्या मेनूतून शटडाउन द्यावा, मगच वीज काढावी. पाय ४ ला बंद करण्याचे बटण नाही. रोज चालू-बंद करण्याचा कंटाळा आला तर चालूच ठेवावा: सतत ३ वॅट म्हणजे वर्षाला सुमारे २६ युनिट.

मूड पहिल्यांदा सुरू झाल्यावर आउटपुटमध्ये यूएसबी डॅक निवडावा, मग आवाजाचा प्रकार ‘फिक्स्ड, शून्य डेसिबल’ करावा आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरूनच कमी-जास्त करावा. आधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली घ्यावा, कारण फिक्स्ड केल्यावर पहिलेच गाणे पूर्ण पातळीवर बाहेर पडते. हे विसरल्याने स्पीकरचे ट्वीटर गेल्याची उदाहरणे आहेत. रीसॅम्पलिंग (फाइलचा नमुना-दर बदलणे) बंद ठेवावे. मग १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची एक फाइल आणि २४ बिट, ९६ ची एक फाइल वाजवून ‘ऑडिओ इन्फो’ उघडावे. तिथे आल्सा, म्हणजे लिनक्सची ध्वनी-यंत्रणा, डॅकला प्रत्यक्षात काय देते आहे ते दिसते. पहिल्या फाइलला ४४१००, दुसरीला ९६०००, असे यायला हवे. दोन्हींना ४८००० दिसले तर मध्ये कुठेतरी रूपांतर होते आहे. १६ बिटांच्या फाइलसाठी ३२ बिटांचा फॉरमॅट दिसला तर घाबरू नये. बरेच डॅक फक्त ३२ बिटांची पेटी स्वीकारतात, उरलेल्या खालच्या जागा शून्यांनी भरल्या जातात आणि मूळ बिट जसेच्या तसे राहतात.

डीएसडी (एकाच बिटाच्या, अतिशय वेगवान नमुन्यांचा ध्वनी-प्रकार) ऐकणाऱ्यांनी एवढे पाहावे: डीएसडी ६४ डीओपी पद्धतीने, म्हणजे साध्या पीसीएमच्या वेष्टनात, पाठवायला डॅकला १७६.४ किलोहर्ट्झ, २४ बिट घेता आले पाहिजे, डीएसडी १२८ साठी ३५२.८. डॅकची मर्यादा १९२ असेल तर १२८ चालणार नाही, आणि डीओपीऐवजी फक्त फुसफुसाट ऐकू आला तर आवाजाचा प्रकार फिक्स्ड नाही असे समजावे. सॉफ्टवेअरने पातळी बदलली की डीओपीची खूण पुसली जाते आणि डॅक ते साधे पीसीएम, म्हणजे नेहमीचा डिजिटल ध्वनी, समजून वाजवतो. नेटिव्ह डीएसडी चालेल की नाही हे त्या डॅकची ओळख लिनक्सच्या कर्नलला आहे का यावर अवलंबून असते, म्हणून खरेदीआधी लिनक्सवरचा अनुभव शोधून पाहावा.

पाय ५ घ्यावा का? संगीतासाठी गरज नाही. तो जास्त तापतो, त्याला २७ वॅटचा अडॅप्टर लागतो, आणि जुना ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. तेवढ्यात एसएसडी आणि डॅक दोन्ही धड चालत नाहीत. मेमरीही जास्त घेऊ नये. मूडला २ गिगाबाइट भरपूर होतात, पायकोअरप्लेअरला १ गिगाबाइटही.

पायची खरी हद्द दोन ठिकाणी येते. रून या संगीत-सॉफ्टवेअरचा मुख्य सर्व्हर चालवण्यासाठी पाय योग्य नाही. पाय तिथे फक्त रूनचे संगीत स्वीकारून वाजवणारे टोकाचे यंत्र होऊ शकतो. आणि एचक्यूप्लेअरसारख्या सॉफ्टवेअरने सगळे संगीत डीएसडी २५६ मध्ये वर नेण्याचा बेत असेल तर पाय ४ ची ताकद पुरत नाही. यातल्या रूनसाठी इंटेल एन१०० चा पंखा नसलेला बोर्ड पाहावा. या प्रोसेसरची ठरलेली उष्णता ६ वॅट आहे, १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर चालणारे आणि स्वतःचा मोठा हीटसिंक घेऊन येणारे मिनी-आयटीएक्स बोर्ड मिळतात. त्यात एकच गोष्ट बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगांत, पाहावी लागते. काही उत्पादक दीर्घकाळची वीजमर्यादा ६ ऐवजी १० वॅट किंवा त्याहून वर ठेवतात. बंद केसमध्ये ती ६ ते ८ वर आणली की बोर्ड शांतपणे, न तापता चालतो. एचक्यूप्लेअरसाठी मात्र ३५ ते ६५ वॅटचा प्रोसेसर आणि हीटपाइप असलेली जड अ‍ॅल्युमिनियम केस लागते. ती घेताना मदरबोर्डवर सॉकेट कडेपासून किती अंतरावर आहे आणि मेमरीच्या पट्ट्या किती उंच आहेत हे केसच्या नकाशाशी ताडून पाहावे. हीटपाइप आधीच वाकवलेल्या येतात, आणि वाटेत उंच हीटसिंक असलेली मेमरी आली तर केस बंद होत नाही. साध्या, पत्रा नसलेल्या कमी उंचीच्या पट्ट्या घ्याव्यात. हीटपाइप वाकवून जागा करण्याचा प्रयत्न करू नये. आतली जाळी दबली की ती पाइप उष्णता वाहून न्यायचे थांबवते आणि हे बाहेरून कळत नाही.